तुळसीनं वाचलेली ओळ

"वेंकोजी, हा कागद मला नको दाखवूस. तुझ्या मुलीला मी या कानांनी ऐकलंय आणि या डोळ्यांनी पाहिलंय."

असं म्हणून जगन्नाथरावांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट टेबलावरून परत सरकवलं. रागानं नाही. ताटात नको असलेली भाजी माणूस जशी बाजूला करतो, तसं.

वेंकोजीराव उभेच होते. समोर खुर्ची होती, पण बसा म्हटल्याशिवाय बसायचं कसं? हे शाळेचे सेक्रेटरी. शिवाय विठ्ठलमंदिराचे अध्यक्ष, समाजातले वडीलधारे. लहानपणापासून सणासुदीला यांच्याच पाया पडायचं. वेंकोजीरावांनी हात मागे बांधून घेतले. रंगाऱ्याचे हात ते. पणजोबांच्या काळी घरात लुगडी रंगायची, छापायची. आता म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या एका खणाच्या दुकानात साड्यांना जुळते फॉल आणि अस्तरं रंगवून द्यायची, एवढाच धंदा उरला होता. धंदा आटला तरी नखांतला रंग काही निघाला नव्हता.

"काका, सर्टिफिकेट खरं आहे," ते म्हणाले. "पुनःपुन्हा बोलावून तपासलं तिला. डिस्लेक्सिया म्हणतात त्याला. अक्षर डोळ्यांना दिसतं, पण डोक्यात जाऊन बसत नाही. बुद्धी कमी नाही, म्हणाले डॉक्टर. परीक्षेत कुणी प्रश्न वाचून दाखवला आणि ती सांगेल ते लिहून घेतलं, तर तुळसी दहावी पास होईल. बोर्ड तशी परवानगी देतं. शाळेनं फक्त अर्ज पाठवायचा, दसऱ्याच्या सुट्टीआधी."

"देतं रे बोर्ड. मला काय ठाऊक नाही?" जगन्नाथरावांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. "पण उद्या बाकीचे पालक मला धरतील, त्यांना काय सांगू? तेही होते की देवळात! अष्टमीच्या सप्ताहात घडाघडा पोथी वाचणारी मुलगी, आणि दसरा आला की तिला वाचता येईना? विठोबानं येऊन दृष्टी काढून नेली म्हणू?"

बाजूच्या खुर्चीत हेडमिस्ट्रेस इंदिराबाई बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सर, वर्गात मात्र तिला खरंच…"

"वर्गात आळस करतात पोरं, मॅडम. देवासमोर करत नाहीत." जगन्नाथराव वेंकोजीरावांकडे वळले. आवाज मऊ झाला. "अरे, तुझ्या भल्याचंच सांगतो. बाहेरून बसव तिला, प्रायव्हेट. शाळेचा निकाल चांगला राहील, तुझीही धावपळ वाचेल. सुम्ने, उगाच कशाला डोक्याला ताप करून घेतोस?"

वेंकोजीरावांच्या तोंडात एक वाक्य होतं. दुकानातून निघाल्यापासून होतं. बन्नीमंटपच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी ते घोळवत आणलं होतं. आता ते दातांपर्यंत आलं आणि परत फिरलं.

"येतो काका," ते म्हणाले, आणि सर्टिफिकेटची घडी घालून निघाले.

ते वाक्य असं होतं: त्या दिवशी ती वाचत नव्हती.

*

आता त्या दिवशीचं सांगायला हवं.

रंगाऱ्यांचं ते विठ्ठलमंदिर काही मोठं नाही. मूर्तीही वीतभर उंचीची. पण गोकुळाष्टमीला तिथं सप्ताह बसला, की टाळ-मृदंगाचा आवाज पलीकडच्या गल्लीतल्या चहावाल्याला पाठ होऊन जातो. रोज संध्याकाळी एकेका जुन्या घराची पाळी. त्या घरातल्या कुणीतरी पोथीचा एक अध्याय वाचायचा, मग बुवा कीर्तनाला उभे राहायचे. रीत अशी, की पोथी समोर उघडी हवी आणि पान उलटलं पाहिजे. तोंडपाठ म्हटलेला अध्याय, कितीही गोड म्हटला तरी, पाळीत धरत नाहीत. ते भजन झालं, वाचन नव्हे. म्हैसुरात येऊन पिढ्या लोटल्या, घरातली मराठी कन्नडात भिजून निम्मी झाली, पोरांना पोथीची अक्षरं ओळखू येईनाशी झाली. तेव्हा कुणा जाणत्यानं धाक म्हणून ही रीत घालून दिली असावी. जी घरं वाचणारं माणूस देऊ शकली नाहीत, त्यांच्या पाळ्या एकेक करून गेल्या. वेंकोजीरावांच्या घराची टिकून होती.

वेंकोजीराव म्हणजे कीर्तनवेडा माणूस. गावात कुठंही बुवा उभे राहिले, मराठी असोत की कानडी हरिकथा सांगणारे दास असोत, हा गृहस्थ पुढच्या सतरंजीवर. बुवा हसवतील तिथं हसणार, रडवतील तिथं सरळ उपरणं डोळ्यांना लावणार, आणि बुक्का लागला की तो दुसऱ्या दिवशी आंघोळीपर्यंत पुसणार नाही. भट्टीवर रंगाचं पाणी उकळत असताना ते पोथी म्हणत बसायचे, आणि शेजारच्या पिंपावर तुळसी.

तुळसी ही त्यांची एकुलती एक. पहिलीत पाटी दिली, तर पाटी भिजून जाईपर्यंत रडली. एका शाळेत अंगठे धरून उभी केली, दुसऱ्या शाळेत 'मंद' म्हणून मागच्या बाकावर टाकली. पुढच्या वर्गांत शाळा नापास करत नव्हती म्हणून ढकलत ढकलत दहावीपर्यंत आली. पिरियापट्टणला मावशीकडे जायचं, तर बसची पाटी वाचणार नाही; कंडक्टरची हाक ऐकून बरोबर बस पकडणार. पण कान! देवानं एक हात आखडता घेतला, तो दुसऱ्या हातानं भरून दिला होता. आंधळ्या माळिणीचा अध्याय ती बापाच्या तोंडून इतक्यांदा ऐकत आली होती, की ते एखादी ओवी चुकले तर पिंपावरूनच, "अप्पा, मागं या," म्हणायची. ही माळीण सुगंधावरून फुलं ओळखून हार ओवते, आणि एके संध्याकाळी तिच्या सुईत दोरा ओवायला देव येऊन बसतो. पाच पानांचा अध्याय. तुळसीच्या गळ्यात तो जन्मल्यासारखा होता.

यंदा पाळीच्या आदल्या दिवशी वेंकोजीरावांचा घसा बसला. तापानं बसला की रंगाच्या वाफेनं, कोण जाणे. शब्द म्हणून उमटेना. बायको अन्नपूर्णा हासनकडची, तिचं शिक्षण सगळं कन्नडात. दुसरं कोणी नाही. पाळी जाणार म्हणून वेंकोजीराव दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी तुळसीला जवळ घेतलं आणि कसंबसं कुजबुजत सांगितलं, "तू बस. मी मागं बसेन. पाठीला बोट लावलं की पान उलट. आणि हे कुणाला सांगायचं नाही हं, बाळ."

तिनं मान हलवली.

मनात त्यांनी विठोबाला म्हटलं, तुला तर कळतंच आहे. तुझ्यापासून काय लपवायचं? बाकीच्यांचे कान तृप्त होतील. आणि झालेही. तुळसीनं डोळे पानावर ठेवून, बोट ओळींवरून नेत असा अध्याय म्हटला, की टाळकरी टाळ खाली ठेवून ऐकत राहिले. माळिणीचा दोरा सुईत गेला तिथं बायकांतून हुंदका आला. शेवटी बुवांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला. जगन्नाथराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या शाळेची मुलगी! आजकालच्या पोरांनो, बघा, मराठी वाचावी तर अशी!"

त्या रात्री तुळसी हार घालूनच झोपली. आणि त्यानंतर ती रस्त्यानं चालताना मान वर करून चालायला लागली. बापाला हे दिसलं होतं. तेच तर दुखत होतं.

*

"मग सांगून का नाही आलात?" अन्नपूर्णा शेंगा सोलत होती, हात थांबले नाहीत. "अहो, देवाला तर त्याच वेळी कळलं. आता माणसांना सांगायची लाज?"

"पाळी जाईल, अन्ना."

"जाऊ दे की! पाळी काय परीक्षेला बसणार आहे का?"

"चार पिढ्यांची पाळी आहे ती."

"आणि ही एका पिढीची मुलगी आहे." अन्नपूर्णेनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "नोडी, बघा, मी तुमच्यासारखी कीर्तनं ऐकलेली नाहीत. एवढंच कळतं. दहावी नाही झाली तर हिला कोण कुठं उभं करणार? तुमच्यामागं दुकानात बसेल म्हणाल, तर पावतीवरचा आकडा वाचायचा कुणी? बाहेरून बसवा म्हणतात. बाहेरून म्हणजे बाहेरच, कळतंय ना? तिथं ना शाळा विचारणार ना बाई."

आतल्या खोलीत तुळसी गुणगुणत होती. ते दार वेंकोजीरावांनी हलकेच ओढून घेतलं.

"पाळीचं नाही गं," ते शेवटी म्हणाले. "तिला एकदा, एकदाच लोकांनी शाबासकी दिली. ती खोटी होती, असं मीच जाऊन सांगायचं?"

अन्नपूर्णेनं नवऱ्याकडे पाहिलं. ती फटकळ होती, पण कठोर नव्हती. पुन्हा सूप मांडीवर घेत ती म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलंत, तर पुढचा निकाल सांगेल. तो तर पेपरात छापून येतो."

*

एकादशीला देवळात कीर्तन होतं. बुवांनी पूर्वरंग फार सुंदर लावला. विषय होता शरणागतीचा, आणि एरवी वेंकोजीराव त्यात विरघळून गेले असते. आज एकही शब्द आत गेला नाही. आरती झाली, लोक पांगले, जगन्नाथराव समया शांत करायला सांगून पायरीवर टेकले, तेव्हा वेंकोजीराव त्यांच्यापुढं जाऊन बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. घसा बसलेला, पाठीला लावलेलं बोट, पाच पानं. काहीही लपवलं नाही.

वेंकोजीरावांना वाटलं, आता खांद्यावर हात येईल.

"म्हणजे देवाच्या दारात तू आम्हाला सगळ्यांना फसवलंस," जगन्नाथराव म्हणाले.

"हो, काका."

"मी उभं राहून तिचं कौतुक केलं. पाहुण्यांसमोर केलं."

"हो."

"मग मी आज तुझं कुठलं खरं धरू, वेंकोजी? तेव्हा वाचत होती ते, की आता वाचत नाही ते? तेव्हा पाळी वाचवायची होती म्हणून तसं, आता मार्क वाचवायचे आहेत म्हणून असं. तू माझ्या जागी असतास तर काय म्हणाला असतास?"

मनुष्य खरं बोलायला किती दिवस लावतो, आणि बोलल्यावर ते खरं त्याच्याच अंगाशी येतं. त्या पायरीवर बसून वेंकोजीरावांना हसू आलं.

"डॉक्टरांना फोन करून विचारा काका," ते म्हणाले.

"डॉक्टर तिला ओळखत नाहीत. मी ओळखतो." जगन्नाथराव उठले, चपला शोधायला लागले. "सोमवारी घेऊन ये. पोथीही आण. मी पान काढीन, माझ्या डोळ्यांसमोर ती वाचेल किंवा नाही वाचणार. नाही वाचली तर त्याच क्षणी अर्जावर सही. माझं काय वैर आहे का पोरीशी? पण मला खात्री हवी. आणि पुढच्या वर्षी तुमची पाळी गंगाधररावांच्या घरी जाईल, हेही आत्ताच सांगून ठेवतो."

"चालेल," वेंकोजीराव म्हणाले.

घरी जाऊन तुळसीला सगळं समजावून सांगायचं, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. सोमवारपर्यंत ठरवतच राहिले. शेवटी निघताना म्हणाले, "सेक्रेटरी सरांनी बोलावलंय. पोथी घेऊन."

"पोथी?" तुळसीचा चेहरा उजळला. "वाचायला?"

"हं."

ती आत धावली आणि नवा परकर-पोलका घालून आली. वेणीत अबोली माळली होती. अन्नपूर्णेनं नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

*

सेक्रेटरींच्या खोलीत इंदिराबाई आधीच आल्या होत्या. टेबलावर अर्ज ठेवलेला होता, सहीपुरता कोरा. जगन्नाथरावांनी पोथी घेतली, आधी डोक्याला लावली, मग मध्येच कुठंतरी उघडली. माळिणीच्या अध्यायापासून बरीच पुढं. तुळसीला खुर्ची दिली, पोथी तिच्यापुढं ठेवली.

"इथून वाच, बाळ. वरची ओळ."

वेंकोजीराव भिंतीला लागून उभे होते. आणि इथं सांगायला जीभ जड होते, पण सांगितलं पाहिजे. जन्मभर त्या माणसानं विठोबाकडे पुष्कळ काही मागितलं होतं. पाऊस मागितला, घसा मागितला, बायकोच्या दुखण्यात तिचे प्राण मागितले. आज त्यांनी डोळे मिटून मागितलं: देवा, माझ्या मुलीला हे वाचता येऊ देऊ नकोस.

तुळसीनं बोट पानावर ठेवलं. तिच्या ओठांची हालचाल झाली, आवाज आला नाही. बोट पुढं गेलं, मागं आलं. शिपायानं चहा आणून ठेवला. बाहेर पी.टी.च्या मास्तरांची शिट्टी वाजली, मुलं ओरडली, पुन्हा शांत झालं. जगन्नाथरावांनी अर्ज जवळ ओढला, पेनाचं टोपण काढलं. वेंकोजीरावांनी श्वास सोडला.

"न," तुळसी म्हणाली. "न… दी."

वेंकोजीरावांनी डोळे उघडले.

"नदी… ती… रीं." तिनं ओठ चावला. कपाळावर घाम आला होता, अबोलीची एक कळी निसटून पानावर पडली, ती तिनं बाजूला केली पण बोट सोडलं नाही. "ए… क. एक. ना… ना… वा…" मध्ये ती इतका वेळ थांबली, की इंदिराबाई खुर्चीतून पुढं झाल्या. "वाडी. नावाडी." मग पुन्हा पहिल्यापासून, एकेक दगड ओढावा तशी, तिनं ओळ ओढून आणली: "नदीतीरीं एक नावाडी, रात्रं… दिन… लोटी होडी."

चहावर साय धरली होती.

तुळसीनं मान वर केली. ती जगन्नाथरावांकडे पाहत नव्हती, इंदिराबाईंकडेही नाही. तिनं बापाकडे पाहिलं. सप्ताहात हार घातला तेव्हाही तिचा चेहरा असा नव्हता.

"अप्पा, खरं वाचलं! त्या दिवशी देवापुढं खोटं वाचलं होतं ना आपण? म्हणून तुम्ही दुकानात गेलात की मी रोज पोथी काढून बसत होते. आईला वाटायचं धूळ पुसते. पुढच्या सप्ताहाला सगळा अध्याय खरा वाचणार होते, तुम्हाला सांगणारच नव्हते आधी." तिला धाप लागली होती. "आज सरांनी मध्येच बोलावलं."

जगन्नाथरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, तेही त्याच देवळातले होते. त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"बघितलंस वेंकोजी?" ते म्हणाले. "मेहनत! मेहनत केली की येतं. डॉक्टर काय सांगतात रे! अजून परीक्षेला केवढा वेळ आहे. अशीच बसली तर लेखनिक कशाला लागतो? शाब्बास, बाळ. शाब्बास!"

आणि अर्ज त्यांनी फाइलीत ठेवायला उचलला.

बापानं आता शाब्बास म्हणायचं होतं. लेक वाट पाहत होती. शाब्बास म्हणणं किती सोपं होतं! ती त्यांच्या खोटेपणाचं प्रायश्चित्त स्वतः करत बसली होती, एकटी, कुणाला न सांगता, आणि जे तिला जगात सगळ्यांत अवघड तेच करून. कुठल्या कीर्तनात असा भक्त आला, तर वेंकोजीराव ढसाढसा रडले असते. पण फाइलीची दोरी बांधली जात होती. आणि त्यांना दिसत होतं ते दुसरंच: कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेली प्रश्नपत्रिका, तिच्यावरच्या ओळी, ओळींखाली ओळी. प्रत्येक ओळीला हा घाम. प्रत्येक ओळीला साय धरलेला चहा. पहिल्या प्रश्नाच्या नदीतीरी ती बसलेली असेल, आणि घंटा होईल.

"काका, थांबा," ते म्हणाले. "हे वाचणं नव्हे."

"म्हणजे?"

"तिला वाचता येत नाही."

"अरे, आत्ता तुझ्यासमोर…"

"एक ओळ, काका. एका ओळीत पोरीचा जीव अर्धा झाला. किती दिवस घातले तिनं, ते ऐकलंत. शिकेल, जन्मभर थोडं थोडं शिकेलही. पण परीक्षेच्या तीन तासांत शिकणार आहे का?" त्यांचा आवाज चढला; या माणसासमोर तो आजवर कधी चढला नव्हता. "मला खोटारडा म्हणा, पाळी तर घेतलीतच, देवळातही येऊ नको म्हणा. पण हे लिहून घ्या. माझ्या मुलीला वाचता येत नाही. माझ्या मुलीला वाचता येत नाही."

तुळसीचं बोट अजून ओळीवर होतं. ते तिनं उचललं आणि मांडीवर, दुसऱ्या हाताखाली ठेवलं.

इंदिराबाई उठल्या. त्यांनी फाइलीची दोरी स्वतः सोडली, अर्ज काढून जगन्नाथरावांपुढं ठेवला आणि कन्नडात, अगदी हळू, म्हणाल्या की सर, मला या मुलीला आणखी एकदा कुणासमोर वाचायला बसवायचं नाही. सही करा, नाहीतर माझ्या जबाबदारीवर मी पाठवते. जगन्नाथरावांनी बापाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग सही केली. रागानं की कशानं, ते त्यांनाच माहीत.

*

परतताना बापलेक चालतच निघाले. दसऱ्याच्या मशालींच्या कवायतीसाठी मैदानाभोवती बांबू बांधायला सुरुवात झाली होती. पोलिसांचे घोडे जात होते, पोरं त्यांच्यामागं धावत होती. तुळसीला घोडे फार आवडायचे.

"बघ गं, पांढरा," वेंकोजीराव म्हणाले.

तिनं पाहिलं नाही.

"तुळसी, मी ते बोललो ना, ते तुझ्याचसाठी गं. सही व्हायला पाहिजे होती. तू वाचलंस ते मला… मला कळलं, बाळ, तू कशासाठी वाचलंस ते. विठोबालाही कळलं." इतकी कीर्तनं ऐकलेल्या माणसाला, इतक्या बुवांची वाक्यं मुखोद्गत असलेल्या माणसाला, स्वतःच्या मुलीला सांगायला एक वाक्य सापडेना. "शाब्बास," ते म्हणाले. ते फार उशिरा आलं होतं, आणि दोघांनाही ते कळलं.

तुळसी पोथी छातीशी धरून चालत होती. कोपऱ्यावर रिक्षा अंगावर आली तशी तिनं बापाचा दंड धरून त्यांना मागं ओढलं आणि म्हणाली, "नोडकोंडु बन्नी." बघून या.

एवढंच. पण ते कन्नडात होतं. आईशी ती कन्नडात बोलायची, मैत्रिणींशी, दुकानदारांशी, सगळ्या म्हैसूरशी. बापाशी मात्र जन्मल्यापासून मराठीच. वेंकोजीरावांना वाटलं, घाईत तोंडातून गेलं असेल.

ते घाईत गेलेलं नव्हतं. घरी आल्यावर पाणी दिलं ते कन्नडात, जेवायला बोलावलं ते कन्नडात. उर्मटपणा नव्हता. रुसवाही नव्हता, रुसव्याची वेंकोजीरावांना वाट तरी ठाऊक होती, पेढा आणला की तो जायचा. हे नीट, नम्र बोलणं होतं, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकानं बोलावं तसं. पोथी तिनं फडताळात ठेवून दिली. भट्टी पेटायची, पाणी उकळायचं, वेंकोजीराव अध्याय म्हणत बसायचे. मुद्दाम ओवी चुकवून पाहिली त्यांनी, एकदा, दोनदा. आतून कुणी काही म्हणालं नाही.

"बोलेल हो," अन्नपूर्णा म्हणायची. "वयच तसलं." पण म्हणताना ती दुसरीकडे बघायची.

दिवाळीनंतर बोर्डाचं उत्तर आलं. इंदिराबाईंनी स्वतः दुकानात येऊन सांगितलं: लेखनिक मंजूर, जादा वेळ मंजूर, एका भाषेतून सूटही मिळाली. नववीतली एक मुलगी लिहायला बसेल, अक्षर चांगलं आहे तिचं. वेंकोजीरावांनी हात जोडले. इंदिराबाई म्हणाल्या, "राव, होईल पास. तोंडी विचारलं तर माझ्या वर्गात तिच्यासारखी उत्तरं कोण देतं?"

ते दुकान अर्धं उघडं टाकून घरी आले. तुळसी दोरीवर रंगवलेली अस्तरं वाळत घालत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. लेखनिक, वेळ, सूट, नववीतली मुलगी, तिचं अक्षर. ती ऐकत होती. एक ओलं अस्तर झटकून तिनं दोरीवर पसरलं, कडा जुळवल्या, चिमटा लावला.

"सरी, अप्पा," ती म्हणाली. बरं, अप्पा.

आणि दुसरं अस्तर उचललं.